आरोग्य कर्मचाऱ्यांना "हे कशावरून?" विचारायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य कर्मचाऱ्यांचं अमुक विषयावर ट्रेनिंग झालं, इतके जण हजर होते, शेवटी सर्टिफिकेट वाटली, अशा बातम्या पेपरात नेहमी येतात आणि प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडतो, की तिथे कुणी एकाने तरी उठून "हे कशावरून?" असं विचारलं का, आणि विचारलं असेल तर त्याला धड उत्तर मिळालं का. मी आरोग्य सेविका होते, आता रिटायर झालेय. ट्रेनिंग भरपूर केली. जवळजवळ सगळी सारखीच, पडद्यावर स्लाईड, हातात वही, आणि शेवटी "आता इथून पुढे असं करायचं". कालपर्यंत जे करत होतो ते का बंद करायचं हे कुणी सांगायचं नाही. एकदा मी विचारलं तर "वरून आलंय" एवढंच उत्तर मिळालं आणि मी गुपचूप खाली बसले. ते खाली बसणं मला अजून टोचतं.

कारण घरोघरी जाऊन लोकांना उत्तर आम्हालाच द्यायचं असतं ना. एका आईने मोबाईल पुढे केला, त्यात लिहिलेलं की गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लशीने मुलांना ऑटिझम होतो. मी म्हटलं, घाबरू नका हो, लस चांगली आहे. तिने मान हलवली पण तिचा विश्वास बसला नाही हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. खूप नंतर मी स्वतःहून वाचलं की ज्या लेखावरून हे सगळं सुरू झालं तो 1998 चा, त्यात फक्त 12 मुलं होती आणि 2010 मधे तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने तो लेख मागे घेतला. उलट डेन्मार्कमधल्या, 2002 साली छापून आलेल्या अभ्यासात 5 लाख 37 हजार मुलं होती, आणि लस घेतलेल्या मुलांमधे ऑटिझमचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं. एकीकडे 12 आणि दुसरीकडे सव्वापाच लाखांच्या वर, हे तिला सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती, पण मलाच कुणी सांगितलेलं नव्हतं.

आकडे वाचता न आल्यामुळे किती नुकसान होतं याचं एक उदाहरण तर प्रत्येक ट्रेनिंगमधे सांगायला पाहिजे असं मला वाटतं. 1995 मधे ब्रिटनमधे इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हटल्यावर बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या एकदम सोडल्या, आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समधे अंदाजे 13,000 जास्तीचे गर्भपात झाले. आणि दुप्पट म्हणजे किती होतं? 7,000 बायकांत एकीला व्हायचं ते दोघींना. बातमी खोटी नव्हती हो, पण समोर बसलेल्या बाईला "सात हजारांत एकीच्या जागी दोघी" असं शांतपणे सांगणारी नर्स जागोजागी असती तर किती जणी वाचल्या असत्या. हे शिकायला डॉक्टरकी लागत नाही, भागाकार आला तरी पुरे.

दुसरं, जुना सल्ला सोडणं. बाळाला पालथं झोपवा असं कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांत डॉक्टर, नर्स, पुस्तकं सगळे मनापासून सांगत होते. पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे दाखवणारे अभ्यास 1970 पर्यंत उपलब्ध होते, कुणी ते सगळे एकत्र मांडून बघितले नाहीत एवढंच, आणि पाठीवर झोपवा अशा मोठ्या मोहिमा निघाल्या 1990 च्या आसपास. 2005 मधे संशोधकांनी हिशोब मांडला की वेळेत बघितलं असतं तर एकट्या ब्रिटनमधे 10,000 च्या वर बाळांचे मृत्यू टळले असते. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपणही मायेने काहीतरी चुकीचं सांगत आलो नसू कशावरून?

आणि पुरावा हाताशी असलेला माणूस योग्य जागी असला की काय होतं तेही बघा. 1971 मधे बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोड्याचं पाणी पाजायला सुरुवात केली, तेही पेशंटच्या नातेवाईकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण 20 ते 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. हे अंदाजाने केलेलं धाडस नव्हतं, तोंडाने दिलेलं हे द्रावण चालतं याचे प्रयोग ढाक्यात झाले होते, 1968 मधे छापूनही आले होते, आणि डॉक्टर स्वतः या विषयावर आधीपासून काम करत होते म्हणून त्या गर्दीत त्यांना निर्णय घेता आला.

आता ट्रेनिंगबद्दल माझं म्हणणं. गंमत नाही, खरंच सांगते, ट्रेनिंग कसं द्यावं यावर सुद्धा संशोधन झालंय आणि तेच आपण वापरत नाही. 2004 मधे अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला, डॉक्टरी शिक्षण घेऊन पुढे शिकणाऱ्यांवरचा होता, पण आपल्यालाही लागू पडावा असं मला वाटतं. त्यात दिसलं की वेगळे क्लास घेऊन पुरावा वापरायला शिकवलं तर नुसती माहिती वाढते, पण रोजच्या कामाला जोडून शिकवलं तर कौशल्य आणि वागणं पण बदलतं. मग हॉलमधे दिवसभर बसवून काय मिळवतो आपण?

त्यापेक्षा महिन्याच्या मीटिंगमधला एक तास द्या. कर्मचाऱ्याने स्वतःच्या रजिस्टरमधूनच प्रश्न आणायचा, म्हणजे समजा लशीच्या दुसऱ्या डोसला बायका का येत नाहीत, फोन केला तर जास्त येतात की घरी गेलं तर. मग त्यावर आधी कुणी काही तपासलंय का ते शोधायचं, कॉक्रेनसारख्या संस्था सगळे अभ्यास एकत्र करून सोप्या भाषेत सारांश देतात, ते आपल्या भाषेत करून द्यायला एक माणूस नेमा. अभ्यासातली माणसं आपल्या माणसांसारखी आहेत का हे बघायचं, थोड्या जागी करून बघायचं, तीन महिन्यांनी त्याच रजिस्टरमधे मोजायचं. फरक पडला नाही तर तसं मोकळेपणाने सांगायची मुभा पाहिजे. आणि साहेबांनाही त्याच ट्रेनिंगला बसवा, कारण खालचा माणूस प्रश्न विचारायला शिकला आणि वरचा "वरून आलंय" म्हणत राहिला तर तो बिचारा पुन्हा खाली बसेल, माझ्यासारखा.

एक विनंती तुमच्याकडेही आहे. आरोग्याची बातमी छापताना धोका इतके टक्के वाढला असं लिहिलंत की त्याच ओळीत किती जणांत किती जणांना हेही छापा. सकाळी तुमचा पेपर येतो आणि दुपारी तेच कात्रण दाखवून लोक दारातल्या नर्सला विचारतात, आता काय करायचं?

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका