टोपीची बंदूक शिवकालीन कशी?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनाची बातमी फोटोसह आली होती. फोटो बघून राहवलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून गेलो. गर्दी चांगली होती. मधल्या कपाटात लाल मखमलीवर साडेचार फुटांहून लांब अशी एक बंदूक होती आणि तिच्यापुढे पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'शिवकालीन बंदूक'.

मी सैन्यात एकवीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. काचेला नाक लावून बघितलं. चाप ओढला की आपटतो त्या घोड्याखाली टोपी बसवायची भोकाची बोंडी, म्हणजे निप्पल. बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली व्ही. आर. ही अक्षरं आणि पुढे 1861. सालच कोरलेलं आहे हो! महाराजांच्या काळातली बंदूक तोड्याची. जळती वात रंजकाला, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूला, टेकायची तेव्हा बार व्हायचा. ठोका बसला की पेटणारी तांब्याची टोपी आली एकोणिसाव्या शतकात, आणि व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ही ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची, बंदूक 1853 च्या इंग्रजी एन्फिल्ड नमुन्याच्या घराण्यातली, ज्या नमुन्याच्या काडतुसांच्या चरबीवरून 1857 साली भडका उडाला. एवढं जरी लिहिलं असतं तरी माणसं दोन मिनिटं थांबली असती.

चूक चिठ्ठीपुरती असती तर मी पत्र लिहिलं नसतं, चिठ्ठी बदलता येते. पण नळी पॉलिश पेपरनं घासून वर काळा ऑइलपेंट मारलाय आणि दस्त्याला झगझगीत वॉर्निश. तिथल्या माणसाला विचारलं, तर तो कौतुकानं म्हणाला, "काका, गंजली होती, आम्ही नवी केली."

त्याच्यावर चिडायचा मला अधिकार नाही, कारण हेच पाप मी केलंय. माझ्याकडे अशीच एक बंदूक आहे, मामांच्या वाड्यातल्या माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली सापडली. निप्पलचं भोक गंजून बंद, नळीचं बूड खचलेलं. पोलिस ठाण्यात दाखवून, ती उडण्याच्या लायकीची नाही अशी नोंद करून घेतली आणि कामाला लागलो. फौजेची सवय, पितळ दिसलं की ब्रासो. दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवर बारीक आकडे होते, बहुधा पलटणीचे. आठवडाभर रोज चोळले. पट्टी आरशासारखी झाली आणि आकडे गेले. आज बोटानं चाचपलं तर एक 7 लागल्यासारखा वाटतो, बाकी काही नाही. ती कुणाच्या खांद्यावर होती हे आता कायमचं कळायचं नाही.

त्यानंतर पॉलिश पेपरला हात लावला नाही. सुटा तांबडा गंज पातळ तेलात बुडवलेल्या अगदी बारीक स्टील वुलनं हलक्या हातानं काढायचा, खालचा तपकिरी थर राहू द्यायचा, मग मेणाचा पातळ हात. अक्रोडाच्या दस्त्याला उकळलेल्या अळशीच्या तेलाचे चार थेंब, तळहातानं जिरवलेले. एका बंदुकीला माझा अख्खा पावसाळा गेला.

जपण्यासारखं काय असतं ते सांगतो. माझ्या बंदुकीच्या नळीत बॅटरी मारली तर आत सगळं गुळगुळीत आहे. मूळ एन्फिल्डच्या नळीत तीन पन्हळ्या असतात, त्यांनी गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. 1857 नंतर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम बिनपन्हळीच्या नळ्या केल्या, नेम धरायची मागची साइटही ठोकळ्यासारखी, वरखाली न होणारी. दिसायला तीच बंदूक, पण आपल्या शिपायाचा नेम गोऱ्याइतका लांब जाऊ नये याची तजवीज आतच केलेली. प्रदर्शनातली बंदूक कुठल्या जातीची हे मी सांगू शकलो नाही, कारण नळीच्या तोंडात रंगाचा गोळा बसलाय.

आणखी एक, जरा नाजूक. खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतो, मीही पूजतो. पण ओलं कुंकू थेट लोखंडावर लावलं की ते तिथंच राहतं आणि गंज धरतं. माझ्या बंदुकीच्या लोखंडी पट्टीवर चार बोटांचे खड्डे आहेत, मामींच्या सासूबाईंच्या हातचे असावेत. ते मी तसेच ठेवलेत, पण नवे पडू देत नाही. विड्याचं पान ठेवायचं आणि कुंकू पानावर.

मखमलीचंही तेच, ती ओल धरते. वर ती कपाटाला डिंकानं चिकटवलेली. बंदूक चापाच्या कडीला तार बांधून टांगू नये, दोन ठिकाणी लाकडी घोडीवर टेकवावी.

काहींच्या घरात अशा वस्तू आहेत आणि पोलिसांच्या भीतीनं लोक त्या विहिरीत टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा जुन्या शस्त्रांना सूट आहे. मात्र ती तशी आहे का हे आपण घरी बसून ठरवू नये, ठाण्यात दाखवून कागद करून घ्यावा. .303 रायफल असेल तर अजिबात अंगावर घेऊ नका, ते प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. आणि शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, पाहुण्याबरोबर परदेशी पाठवायची नाही.

आयोजकांना विनंती एवढीच की पुठ्ठा आजच बदला. रंग उतरवायचा असेल तर घाई नको, मला कळवा. शनिवारी सकाळच्या एसटीनं येईन. तेल, मेण आणि चिंध्या माझ्या, चहा तुमचा.

आपला,
एक निवृत्त आर्मरर हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा