बंद करा म्हणताय, पण बंद कसं करायचं ते पण छापा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोक (दगडी कोळसा तापवून बनवतात ते लोखंडाच्या भट्टीचं इंधन) आणि समुद्रातलं तेल या दोघांना एकाच माळेत ओवून जो लेख आला तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा चष्मा लावून. लेखकाचे मुद्दे दोनच होते, एक म्हणजे यात आता संशोधन करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि दुसरा म्हणजे सरकारांनी मनावर घेतलं तर हे उद्योग "बटण दाबल्यासारखे" बंद करता येतील. माझी नोकरीची बहुतेक वर्षं कोक प्लांटच्या लॅबमध्ये गेली आणि भाचा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो, त्यामुळे त्या बटणावर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको. मी कोकची वकिली करायला बसलेलो नाही. कोक ओव्हनच्या धुराने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्यात वाद नाही, आणि बॅटरीच्या, म्हणजे ओव्हनच्या रांगेच्या वर काम करणाऱ्या माणसांचे खोकले मी कानाने ऐकलेत. कमी व्हायला पाहिजे, जमेल तिथे बंद पण व्हायला पाहिजे. माझं भांडण फक्त बटण या शब्दाशी आहे.

कोक ओव्हन म्हणजे काय ते बघा. जेमतेम अर्धा मीटर रुंद, पण चार-सहा मीटर उंच आणि पंधरा मीटरच्या आसपास लांब अशी अरुंद खोली, अशा पन्नास-साठ खोल्या एकमेकींना चिकटून उभ्या, त्याला बॅटरी म्हणतात. वरून कोळसा टाकायचा, दारं बंद करायची आणि हवा न लागू देता हजार डिग्रीच्या वर तापवायचा. सोळा ते वीस तास. साधारण 350 ते 500 डिग्रीच्या मधे कोळसा मऊ होऊन फुगतो आणि मग घट्ट होतो, सगळा खेळ त्या दीडशे डिग्रीत आहे. मग एका बाजूने पुशर मशीन तो लालभडक गठ्ठा ढकलतं आणि दुसऱ्या बाजूने तो बाहेर पडतो. बाहेर पडायच्या बाजूला ओव्हन पाच-सात सेंटीमीटर जास्त रुंद बांधलेला असतो, नाहीतर अडकला म्हणून समजा. आणि अडकतो पण. आमच्याकडे एकदा रात्रपाळीत हीटिंगच्या एका लाइनमधे गडबड झाली, लॉगबुकात आकडे नेहमीचेच लिहिले गेले (कोणी लिहिले ते सगळ्यांना माहीत होतं, जाऊ दे), आणि पहाटे पुशर लावला तर गठ्ठा हलेना. याला स्टिकर म्हणतात. अजून जोर लावला तर भिंत जाते, शेजारच्या ओव्हनची पण तीच भिंत असते. शेवटी दार उघडं ठेवून लांब सळयांनी माणसांनी तो कोक हाताने ओढून काढला, पाळीपाळीने, पाच मिनिटं उभं राहवत नव्हतं. एक ओव्हन थोडा थंड पडला तर ही गत.

आता पूर्ण बॅटरीच थंड करायची म्हणा. त्या भिंती सिलिका विटांच्या असतात. सिलिकाचं असं आहे की सहाशे-सातशे डिग्रीच्या वर ती शांत असते, वाढत नाही आकसत नाही, दणकट उभी राहते. पण त्याच्या खाली तिचे स्फटिक आपलं रूप बदलत राहतात, वीट आकसते, सांधे उघडतात, तडे जातात. म्हणून नवीन बॅटरी पेटवायची तर दोन-तीन महिने अगदी थोडं थोडं तापमान चढवावं लागतं, आणि एकदा पेटवली की तीस-चाळीस वर्षं विझवतच नाहीत. कोकला गिऱ्हाईक नसलं तरी रिकामे ओव्हन गरम ठेवतात, याला हॉट आयडलिंग म्हणतात. त्यातही मेख आहेच. ओव्हन तापतात तो गॅस बऱ्याच ठिकाणी याच ओव्हनमधून निघालेला असतो, मग कोळसाच टाकला नाही तर गॅस कुठून येणार, बाहेरून आणावा लागतो. आणि विटांच्या सांध्यात जो कार्बन साचलेला असतो तोच आतून सीलचं काम करत असतो, रिकाम्या ओव्हनमधे हवा शिरली की तो जळून जातो आणि भिंती गळायला लागतात. म्हणजे नुसतं न चालवता ठेवणं हेसुद्धा शास्त्र आहे.

आता संशोधन संपलं म्हणणाऱ्यांसाठी. कोकने लोखंड वितळवणं 1709 साली अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला सुरू केलं, म्हणून ते जुनं, कबूल. पण ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या उंच भट्टीच्या पोटात कोक नेमकं काय करतो हे कळायला अडीचशेच्या वर वर्षं लागली. वर हजारो टनांचा बोजा असताना खालचा कोक फुटला नाही पाहिजे, कारण त्याच्या फटींतूनच गॅस वर जातो आणि वितळलेलं लोखंड खाली येतं, उष्णतेला आणि ऑक्सिजन काढायला दुसरं काही वापरता येईल पण हे टेकू देण्याचं काम दुसऱ्या कशालाच जमत नाही. हे नीट कळलं कसं माहितीये? 1960 च्या दशकाच्या शेवटी आणि नंतर जपानी लोकांनी आयुष्य संपत आलेल्या चालू भट्ट्या पाणी मारून जागच्या जागी विझवल्या आणि थराथराने उकरून काढल्या, पुरातत्त्ववाले टेकाड उकरतात तशा. कोणता दगड कुठे मऊ झाला, कोक कुठे झिजला, सगळं गोठून बसलेलं. चालू असताना जे अडीचशे वर्षं दिसलं नाही ते बंद करून दिसलं!

आम्ही लॅबमधे रोज जी टेस्ट करायचो ती त्याच काळातल्या जपानी कामातून आली. वीस मिलीमीटरचे दोनशे ग्रॅम तुकडे, 1100 डिग्री, दोन तास कार्बन डायऑक्साइड, वजन किती घटलं ते बघा, मग उरलेले ड्रममधे सहाशे वेळा फिरवा आणि चाळा. चाळणीवर साठ टक्क्याच्या वर राहिलं की आमचे साहेब हसायचे, पंचावन्न आले की फोन यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण या आकड्यावर भट्टी चालते. चालू ओव्हनची भिंत गरम असतानाच दुरुस्त करायची सिरॅमिक वेल्डिंग पण अशीच, ऑक्सिजनबरोबर सिलिका आणि सिलिकॉन वगैरे धातूंची पूड तड्यावर मारायची, ती तिथेच जळते आणि विटेला चिकटते. माणूस समोर उभा, आत नऊशे-हजार डिग्री. हे संशोधन नाही तर काय आहे. आणि सगळीकडे हायड्रोजन हायड्रोजन चाललंय म्हणून जाता जाता सांगतो, कोक ओव्हनमधून निघणाऱ्या गॅसमधे निम्म्याहून जास्त हायड्रोजनच असतो.

आता समुद्र. हा भाग भाच्याकडून ऐकलेला आणि नंतर वाचून पक्का केलेला. आम्हा दोघांची कामं किती सारखी आहेत हे कळलं तेव्हा मलाच गंमत वाटली. माझा ओव्हन थंड झाला तर फुटतो, त्याची पाइपलाइन थंड झाली तर तुंबते. खोल समुद्राच्या तळाशी पाणी चार डिग्रीच्या आसपास असतं. विहिरीतून तेल, गॅस, पाणी सगळं मिसळून गरम गरम येतं, वाहतंय तोपर्यंत ठीक. थांबलं की घड्याळ सुरू. तेलातलं मेण पाइपच्या भिंतीला धरायला लागतं आणि पाणी-गॅस मिळून हायड्रेट होतो, दिसायला बर्फासारखा, पण दाब जास्त असला की वीस डिग्रीलासुद्धा जमतो. गॅसच्या पाइपा गोठण्याने नाही तर या हायड्रेटने तुंबतात हे संशोधक हॅमरश्मिट यांनी 1934 मधेच दाखवलं होतं, तरी लोक अजून त्याच्याशीच झगडतायत.

भाच्याच्या कामात नो-टच टाइम म्हणून एक प्रकार असतो. प्रॉडक्शन अचानक थांबलं तर किती तास काही न करता बसता येईल याचा हिशोब. तेवढ्या वेळात बिघाड सापडला तर ठीक, नाही तर हायड्रेट जमू न देणारं मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल सोडा, लाइनचा दाब उतरवा, गॅस काढलेलं तेल फिरवून आतलं तेल बाहेर ढकला. आणि हायड्रेटचा गोळा अडकलाच तर एकाच बाजूने दाब काढायचा नाही, तो गोळा दुसऱ्या बाजूच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि पाइप फोडतो, यात माणसं गेलेली आहेत. दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवायचं आणि वाट बघायची, कधी कधी आठवडेच्या आठवडे. 2010 मधे डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलाची विहीर खोदणाऱ्या रिगच्या अपघातात अकरा माणसं गेली, त्यानंतर गळती झाकायला दीड किलोमीटर खोल एक भलीमोठी लोखंडी पेटी उतरवली होती, आठवत असेल. ती याच हायड्रेटने भरली आणि बाजूला ठेवावी लागली. विहीर बंद व्हायला 87 दिवस लागले. बटण होतं हो तिथे, ब्लोआउट प्रिव्हेंटर नावाचं, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा ती बंद करायचा भलामोठा व्हॉल्व्ह, दाबलं पण होतं.

बटणाची दुसरी गोष्ट पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मची. 6 जुलै 1988, नॉर्थ सी. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, ती गोष्ट पुढच्या पाळीपर्यंत पोचली नाही, रात्री तोच पंप सुरू केला. 167 माणसं गेली. पण मला कायम डाचतं ते वेगळंच. पायपर पेटलेला असताना शेजारचे दोन प्लॅटफॉर्म, टार्टन आणि क्लेमोर, पायपरला जोडलेल्या पाइपलाइनींमधे तेल-गॅस ढकलत राहिले. आग दिसत होती, पण बंद करायचा निर्णय लगेच झाला नाही. बंद केलं तर परत चालू करायला किती दिवस जातील आणि वरून काय ऐकावं लागेल हे प्रत्येकाच्या डोक्यात असणार, मी प्लांटमधे असताना माझ्याही डोक्यात असायचं. नंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात 106 शिफारशी आल्या आणि सगळ्या स्वीकारल्या गेल्या, रायझरवर, म्हणजे समुद्रतळापासून प्लॅटफॉर्मपर्यंत वर येणाऱ्या पाइपवर, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह कुठे हवेत याचेही नियम कडक झाले. 

आणि कायमचं बंद करणं तर अजून पुढचं प्रकरण. 1995 मधे शेलची ब्रेंट स्पार नावाची तेल साठवायची टाकी समुद्रात बुडवायची की नाही यावर केवढा गदारोळ झाला, मग 1998 मधे ईशान्य अटलांटिकच्या देशांनी जुने प्लॅटफॉर्म समुद्रात टाकायचे नाहीत असं ठरवलं. 2017 मधे ब्रेंट डेल्टाचा वरचा सगळा भाग, 24,000 टन, एका जहाजाने एका दमात उचलला. असं जहाज आधी नव्हतंच, ते बांधावं लागलं. आणि खालच्या विहिरी सिमेंटने बुजवायच्या तर ते सिमेंट आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत गळायला नको, त्याची टेस्ट आज कशी करणार सांगा.

म्हणून तुमच्या लेखातलं ते "तरुणांनी या मरणाऱ्या क्षेत्रांकडे वळू नये" हे वाक्य मला खटकलं. मग ओव्हन विझवणार कोण, विहिरी बुजवणार कोण? रिटायर झालेले आम्ही? माझे गुडघे बॅटरीच्या जिन्यावर आता चढत नाहीत.

शेवटी एक दुरुस्ती, ती तरी छापा. लेखाबरोबर जो मोठा फोटो होता, पांढऱ्या ढगाचा, खाली "विषारी धूर" असं लिहिलेलं, तो क्वेंचिंग टॉवर आहे. लाल कोकवर पाणी मारल्यावर उठणारी ती वाफ आहे, तिच्यात धूळ आणि बाकी घाण असतेच, पण मुख्यतः वाफ. काळजी करण्यासारखा जो असतो तो ओव्हनच्या दाराच्या कडेने निघणारा पिवळसर बारीक धूर, दोन बोटं जाड, दार नीट बसलं नसेल तर तासन्‌तास निघत राहतो आणि लांबून काढलेल्या फोटोत दिसत नाही. पुढच्या वेळी फोटोग्राफरला जवळ पाठवा, आणि मास्क देऊन पाठवा.

आपला,
कोक लॅबमधून रिटायर झालेला एक वाचक