ताडोब्याच्या वाघिणी सिमिलीपालला का गेल्या

विद्यापीठ वसतिगृह
16 फेब्रुवारी 2025

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आपल्या ताडोब्याच्या वाघिणी ओडिशाले काऊन नेल्या बे? इथं जास्त झाल्या म्हणून?" हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. शिवाय या सत्रात मी जे पॉप्युलेशन जेनेटिक्स (प्राण्यांच्या अख्ख्या गटातल्या जनुकांचा अभ्यास) शिकतोय, त्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

ऑक्टोबर 2024च्या अखेरीस जमुना गेली आणि नोव्हेंबरात झीनत. दोघी मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात. त्यामागचं कारण इथली गर्दी हे नव्हतं, तिथल्या वाघांना नवं रक्त हवं होतं. तू काळ्या वाघांचे फोटो पाहिले असशील. अंगावरचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की पाठ जवळजवळ काळीच दिसते. जंगलातले असे वाघ फक्त तिथेच आहेत. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021 मध्ये त्याचं कारण शोधलं. टॅकपेप नावाच्या जनुकात डीएनएचं एक, फक्त एक अक्षर बदललेलं आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून या जनुकाची बदललेली प्रत आली तरच बछडा काळा होतो. एकच आली तर तो दिसायला आपल्या ताडोब्याच्या वाघासारखाच, पण बदललेली प्रत त्याच्या अंगात असते.

आता वही-पेन घे. त्या अभ्यासाच्या वेळी सिमिलीपालमध्ये शंभरातले साधारण 37 वाघ काळे होते. काळा व्हायला दोन प्रती लागतात, म्हणून 0.37चं वर्गमूळ काढायचं: 0.61. म्हणजे त्या जंगलात या जनुकाच्या शंभर प्रती गोळा केल्या तर साठेक बदललेल्या निघतील. संशोधकांनी प्रत्यक्ष डीएनए वाचून काढलेला आकडा 0.58 आहे. वर्गात हे गणित जुळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे सूत्र 1908चं आहे. रामानुजनला इंग्लंडला बोलावणारे गणिती हार्डी, त्यांचं. आणि त्याच वर्षी वाइनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने ते स्वतंत्रपणे मांडलं. त्याच हिशेबाने शंभरातले 48 वाघ दिसायला नेहमीचे, पण बदललेली प्रत बाळगणारे. ज्यांच्यात बदललेली प्रत अजिबात नाही, असे उरले 15.

इतका दुर्मीळ बदल एवढा पसरला कसा? काळ्या रंगाचा काही फायदा असेल, असं आपल्याला चटकन वाटतं. पण त्या संशोधनाचा रोख वेगळीकडे आहे. सिमिलीपालचे वाघ थोडेच होते आणि इतर जंगलांपासून तुटले होते. लाल-पांढऱ्या तुरीच्या पोत्यातून मूठभर बी काढ, तेवढंच पेर, त्या पिकातून पुन्हा मूठभर घे. काही वर्षांनी शेतात एकच रंग उरेल. त्यात त्या रंगाचं कर्तृत्व काही नाही, मूठ लहान होती इतकंच. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. त्यात वाघ थोडे म्हटल्यावर नात्यातच जोड्या लागणार, म्हणजे तीच बदललेली प्रत आई-बाप दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. रंग निदान डोळ्यांना दिसतो. त्याच वाटेने शुक्राणू बिघडवणारी किंवा रोगाशी लढण्याची ताकद घटवणारी प्रतही पसरू शकते, आणि ती जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसत नाही. मला खरी काळजी तिची वाटते.

म्हणून जमुना आणि झीनत. ताडोब्याच्या वाघिणीची काळ्या वाघाशी जोडी जमली, तर बछडे सगळे नेहमीच्या पट्ट्यांचे होतील, कारण आईकडून येणारी प्रत साधी असेल. पण फक्त रंगासाठी हे चाललेलं नाही. त्यांच्यासोबत इतर हजारो जनुकांच्या वेगळ्या प्रती तिथे पोहोचतील. आमच्याकडे एक जुना ठोकताळा शिकवतात: दर पिढीत बाहेरचा एक जरी प्राणी येऊन प्रजनन करून गेला, तरी इतरांपासून तुटलेला गट बराच सावरतो. नुसतं येऊन भागत नाही. तिपेश्वरचा तो 'वॉकर' वाघ आठवतो? 2019 मध्ये तेलंगणा पालथा घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पेपरवाल्यांनी त्याचं भरपूर कौतुक केलं. पण ज्ञानगंगेत एकही वाघीण नव्हती. जनुकांच्या हिशेबात तो प्रवास शून्य धरला जातो.

झीनतचं तर तू वाचलंच असशील. सोडल्यावर ती झारखंडात गेली, तिथून बंगालात, आणि डिसेंबरअखेर बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. वाघिणीला गाडीत घालून नेणं हा शेवटचा उपाय आहे, सुध्या. आपल्या विदर्भात अजून पहिला उपाय शिल्लक आहे, तो म्हणजे एका जंगलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या जंगलाच्या पट्ट्या. मनसर-खवासा रस्त्यावर पेंचमध्ये हायवेखालून प्राण्यांना वाटा ठेवल्यात, सगळ्यात रुंद 750 मीटरची, आणि वाघ त्यातून जाताना कॅमेऱ्यात आलेत. त्या वाटा कोर्टकचेऱ्यांनंतर मिळाल्या. पुढच्या प्रत्येक रस्त्याला, कालव्याला, खाणीला त्या आधीच मागितल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्ष काम कसं असतं तेही सांगतो. वाघाला हातसुद्धा लावत नाही. वाटेवर पडलेल्या विष्ठेचा वरचा चकचकीत थर खरवडून घ्यायचा, कारण वाघाच्या आतड्याच्या पेशी त्यातच असतात. तो भाग नळीत टाकायचा, जीपीएस नोंदवायचं. प्रयोगशाळेत कळतं की नळीतला बहुतेक डीएनए जिवाणूंचा आणि खाल्लेल्या चितळाचा आहे. वाघाचा थोडासाच, तोही तुटका. म्हणून तीच तपासणी पुन्हापुन्हा करायची. चिकाटीचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

एक गोष्ट तुला सांगायचीच होती. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, ते 1957 साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथलेच झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्या राज्यात हे सगळं आता चाललंय, त्याच राज्यात.

प्रियाला एम.एस्सी.साठी हा विषय घ्यायचाय म्हणालास. तिला सांग, जीवशास्त्र तिचं चांगलं आहेच, आता संख्याशास्त्राला घाबरू नको आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत प्रोग्रॅमिंग आत्तापासून शिक. माझी पहिल्या वर्षाची वही मी पाठवतो.

तुमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात जे झालं, ते मी विसरलेलो नाही. शेजारच्या घरातलं माणूस वाघाच्या हल्ल्यात गेल्यावर वाघांच्या जनुकांची चर्चा कोणाला ऐकवणार? तरी मला वाटतं, वाघाला पुढे जायला वाट राहिली तर तो गावाच्या कडेला अडकून पडणार नाही. यावर तुझं काय म्हणणं आहे ते लिही, तू तिथे राहतोस. आणि मोहफुलं पडायला लागली की काकूंना पहाटे एकट्या जाऊ देऊ नकोस. चारचौघी मिळून, उजाडल्यावरच जा म्हणावं.

तुझा,
मंग्या