दोन नावांच्या वहिनी

राजेंद्रनगर, इंदूर

प्रिय बाळ्या,

दिगूच्या तेराव्याला येऊन गेलास, त्यानंतर आपलं निवांत बोलणं झालंच नाही. फोनवर मधेच कुणीतरी दार वाजवतं आणि विषय तुटतो, म्हणून लिहायला बसलो. वहिनींची पेन्शन अडली आहे. कशावर अडली ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. त्यांच्या नावावर!

लष्कराच्या कागदांत दिगूची बायको म्हणजे अनुराधा. लग्नाची रजा संपवून गेला तेव्हा त्याने पलटणीत तेच नाव लावलं. डिस्चार्ज बुकात तेच, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तेच. आणि आधार, पॅन, बँकेचं पासबुक सगळीकडे मंगल, कारण ते सगळं शाळेच्या दाखल्यावरून निघालं. दिगू होता तोवर त्याची पेन्शन त्याच्या खात्यात पडत होती, कुणाचं लक्षही गेलं नाही. आता स्पर्शवर, म्हणजे लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर, कुटुंब पेन्शनसाठी भरलं, तर नाव जुळत नाही म्हणून परत.

आणि अनुराधा हे नाव कुणाचं, आठवतंय ना? दिगूने ठरवून आणलेली तिन्ही नावं तू हाणून पाडलीस. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरलेले, दिगूच्या हातात अंगठी, भटजींची गाडीची घाई, आणि तू मागून त्याच्या कानात कुजबुजलास. त्याने 'अ' एवढा ऐसपैस काढला की 'धा' ताटाच्या काठावर चढला. वहिनी तेव्हा पहिल्यांदा हसल्या. त्याचा फोटो तूच काढलास, आणि रोल माझ्या पैशांचा होता हे तू आजवर मान्य केलेलं नाहीस.

मागच्या आठवड्यात एका कार्यालयात मी त्यांच्याबरोबर होतो. टेबलापलीकडचा मुलगा, आपल्या पोरांपेक्षा लहान, विचारतो, "आंटी, असली नाम कौन सा है?" वहिनी गप्प. मग त्यांनी दिगूचा सर्व्हिस नंबर सांगितला, अख्खा, न अडखळता, मागोमाग "हवालदार, महार रेजिमेंट". त्या काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला तो नंबर रोज पुसून पुसून त्यांना पाठ झालाय. मुलाने मान वर केली नाही. मला इतका संताप आला बाळ्या, पण त्यांच्यासमोर काय बोलणार.

दिगूचा मोबाइल त्या अजून रिचार्ज करतात. ओटीपी त्याच नंबरवर येतो ना. पर्समध्ये दोन फोन. दिगूचा वाजला की आधी हात थांबतो, मग उचलून म्हणतात, "ते नाहीत हो आता."

वर नातेवाईक आहेतच. दिगूचा मावसभाऊ येऊन सांगून गेला की फौजीच्या विधवेला पूर्ण पगार मिळतो, तुम्ही नीट मागत नाही. मी त्याला बाहेर नेऊन समजावलं. शेवटच्या पगाराइतकी पेन्शन मिळते ती लढाईत किंवा तशा कारवाईत गेलेल्याच्या बायकोला. सेवेमुळे मृत्यू झाला असं ठरलं तर साठ टक्के. आपला दिगू निवृत्तीनंतर, घरात, पहाटे झोपेत गेला. तेव्हा पहिली काही वर्षं, जास्तीत जास्त सात, शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के, पुढे तीस, वर महागाई सवलत. कमीत कमी ९,००० आहेतच. मंजूर झाली की मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकदम मिळेल. पण तोवर धाकटीची फी कशी भरायची? मी पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "भाऊजी, उसने नकोत, माझे आहेत ते मिळू द्या." यावर मी काय बोलू?

तू दिगूशी दोन वर्षं अबोला धरला होतास, बँकेची परीक्षा सोडून भरतीला पळाला म्हणून. "पेन्शन काय, बँकेतही मिळते!" हे तुझं वाक्य तो प्रत्येक रजेत मला ऐकवून खदाखदा हसायचा. तुझी नक्कलही मस्त करायचा.

सैनिक कल्याण कार्यालयात एक सुभेदारसाहेब भेटले, देवमाणूस. चहा मागवला, सगळे कागद स्वतः लावून दिले. म्हणाले, अशी प्रकरणं महाराष्ट्रीय घरांतून येतातच, लग्नात नाव बदलतात म्हणून, घाबरू नका. दोन्ही नावं एकाच बाईची, असं वहिनींचं शपथपत्र करायचं, सोबत जुने पुरावे जोडायचे आणि सागरला महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. तिथे नोंद दुरुस्त झाली की पुढे प्रयागराजचं लष्करी पेन्शनचं कार्यालय. लग्नाला हजर असलेल्या दोघांची शपथपत्रं जोडली तर बरं, असंही म्हणाले. एक माझं झालं. दुसरं तुझंच हवं. नाव ठेवताना हजर होतो, एवढं लिहिलंस तरी चालेल.

माझा गुडघा आहे तसाच, साखर बरी. तुझ्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काय ठरलं? नातू उभा राहायला लागला असेल. सुमनला नमस्कार.

मजकूर सोबत जोडलाय. तसाच टाइप करून घे, नोटरीचा शिक्का घे, आधारची झेरॉक्स लाव आणि स्पीड पोस्टने माझ्या पत्त्यावर पाठव. सोमवारी टाकलंस तर त्या आठवड्यातच सागरला रवाना करतो. आणि माळ्यावरचा तो अल्बम काढ. ताटाचा फोटो वहिनींना हवाय, अर्जासाठी नव्हे, त्यांच्या स्वतःसाठी.

तुझा,
विन्या