संकेतस्थळाची प्रत आणि आरसिंक

संपादक महोदय,

नाशिकमधील आमच्या छोट्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या जुन्या अंकांच्या हजारो फाइल्स असून, त्यांची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवताना आम्ही दर वेळी एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने सारे काही नव्याने उतरवत असू. त्यात प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र डेटा-जोडणी उघडावी लागते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले आरसिंक हे फाइल्सची प्रत अद्ययावत ठेवणारे सॉफ्टवेअर मात्र आकार व बदलाची वेळ पाहून न बदललेल्या फाइल्स वगळते आणि बदललेल्या फाइलचाही, चेकसम (फाइलच्या तुकड्यांवरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवून, केवळ नवा भाग पाठवते. मूळ ठिकाणी नसलेल्या फाइल्स प्रतीतून पुसणारा ‘डिलीट’ पर्याय आधी ‘ड्राय रन’ (प्रत्यक्ष बदल न करता घेतलेली चाचणी) करूनच वापरावा. चुकीच्या फोल्डरवर तो चालला तर प्रतच नाहीशी होते. सार्वजनिक संस्थांनी होस्टिंग (संकेतस्थळासाठी सर्व्हरवरील जागा) घेतानाच आरसिंकची सोय मागावी, ही कळकळीची विनंती.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, नाशिक