बीपीची गोळी कुणाच्या सांगण्यावरून सोडायची?

मा. संपादक,

ज्येष्ठांच्या मोबाइलवेडावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मान, डोळे, झोप, सगळं त्यात आलं आणि ते बरोबरही आहे. पण माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. म्हातारी माणसं मोबाइल किती वेळ बघतात यापेक्षा तो बघून कुठली गोळी बंद करतात, याची मला जास्त धास्ती वाटते.

नेहमीचे एक आजोबा परवा आले. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल वर्षानुवर्षं माझ्याकडूनच नेतात. या खेपेला फक्त शुगरची गोळी मागितली. "आणि बीपीची?" म्हटलं, तर त्यांनी खिशातून मोबाइल काढून व्हिडिओच लावला. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ सांगत होते, साधं मीठ टाका, सैंधव खा आणि गोळ्यांतून सुटा. आवाज एवढा मोठा, की मागे उभ्या असलेल्या दोघांनी "मलाही पाठवा की" म्हणून तो मागून घेतला. माझ्या दुकानात, माझ्यादेखत!

सैंधव झालं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीवाल्याला त्यात काही सूट नाही, उलट बहुतेक सैंधवात आयोडीनही घातलेलं नसतं. आणि मेटोप्रोलोल एकाएकी सोडली तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकतं. बंद करायचीच झाली तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत न्यावी लागते. हे सांगितल्यावर आजोबा म्हणतात, "पण मला तर काहीच त्रास नाही." बीपीची गोम तीच आहे, वाढलं तरी बहुतेकांना कळत नाही.

हे आजोबा निवृत्त शिक्षक आहेत, अडाणी नव्हेत. पण दवाखान्यात तासभर बसल्यावर डॉक्टर दोन मिनिटं भेटतात, मुलगा-सून पुण्याला, आणि मोबाइलमधला माणूस मात्र निवांत, मराठीत, 'बाबा' म्हणून समजावून सांगतो. पटणारच. बरं, नातवाचं तोंड दिसतं तेही त्याच मोबाइलवर. तो काढून घ्या म्हणणाऱ्यांनी एखादी संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून बघावं.

आता थोडं आपल्याबद्दल. व्हिडिओवाल्यांना नावं ठेवणाऱ्या त्याच अंकात, आतल्या पानावर 'मधुमेह मुळापासून बरा'ची जाहिरात होती. बातमीसारखा मथळा, बातमीसारखेच रकाने, आणि 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात, मुंगीएवढा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तो दिसायचा कसा? मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मोतीबिंदू अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, आणि ती छापण्यात सहभागी होणाऱ्यालाही तो लागू होतो. हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक नसेल असं वाटत नाही. वर 'पेपरात आलंय' म्हटलं की आमच्याकडचे ज्येष्ठ त्यावर दुसरा प्रश्न विचारत नाहीत. व्हिडिओला निदान सून तरी हसते.

माझी मागणी साधी आहे. अशा जाहिराती घेऊ नका. आणि आठवड्यातून एकदा, त्या आठवड्यात फिरणारा एखादा आरोग्याचा फॉरवर्ड स्थानिक डॉक्टरांकडून तपासून पहिल्या पानावर, ठळक टाइपात छापा. मी तो काउंटरवर चिकटवेन.

तोवर जाहिरातींची कात्रणं ठेवतो आहे. पुढची दिसली की सगळी अन्न व औषध प्रशासनाकडे नेऊन देणार आहे.

— एक औषधविक्रेता, मिरज