सिमेंट रस्त्याला जॉइंट मारा आणि वेळेत मारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवीन सिमेंट रस्त्याला वर्षभरात तडे गेले की आपल्या अकोल्यातच काय, सगळ्या विदर्भात एकच बोललं जातं, सिमेंट कमी टाकलं, ठेकेदाराने पैसे खाल्ले. पेपरात बातमीपण तशीच येते. काही ठिकाणी ते खरंही असेल, पण मी सिव्हिल डिप्लोमावाला माणूस, उभं आयुष्य साईटवर गेलंय, म्हणून सांगतो की बऱ्याच रस्त्यांत माल चांगला असतो, क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघतात ती) पास असते आणि तरी रस्ता फाटतो, कारण जॉइंट, म्हणजे रस्त्यात ठराविक अंतरावर कटरने कापायची आडवी खाच, वेळेवर मारलेला नसतो. याच्यावर कोणी बोलतच नाही.

काँक्रीट उन्हाने फुगतं आणि गार झालं की आखडतं. किती, तर एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. ऐकायला काहीच वाटत नाही, पण १०० मीटरची गल्ली धरा. मे महिन्यात दुपारी वरचा थर असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही, पहाटेपर्यंत तो बराच गार होतो. पूर्ण जाडीत १५ डिग्रीचाच फरक पडला असं धरलं तरी दीड सेंटीमीटर हालचाल झाली. ती कुठेतरी जायला पाहिजे ना? खालचा थर काँक्रीटला धरून ठेवतो, आणि काँक्रीट दाबाला दणकट असलं तरी ताण मात्र दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढाच सहन करतं, मग ते तुटतं. सरळ खाच मारून दिली असेल तर खाचेखाली तुटतं आणि कोणाला कळतही नाही, नाही दिली तर वाट फुटेल तिकडे तुटतं.

आता आपल्याकडे गल्लीबोळातली कामं कधी होतात? मार्च एंडला निधी संपवायचा म्हणून वर्क ऑर्डर निघतात आणि काँक्रीट पडतं एप्रिल-मेमधे, तेही भर दुपारी. सिमेंट स्वतः घट्ट होताना गरमी सोडतं, वरून ऊन, गिट्टी तापलेली, टाकीतलं पाणी तापलेलं, म्हणजे रस्ता गरम असतानाच सेट होतो आणि पहिल्याच रात्री गार व्हायला लागतो, तेव्हा त्याच्यात ताकद अजून आलेलीच नसते. म्हणून खाच त्याच दिवशी, कटरने कडा उखडणार नाहीत एवढं काँक्रीट धरलं की लगेच मारायची असते, उन्हाळ्यात बरेचदा त्याच रात्री. खोली जाडीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे २०० मिलिमीटरच्या रस्त्याला ५० ते ६५ मिलिमीटर. दोन खाचांमधे साधारण ४ ते साडेचार मीटर, जाडी कमी असेल तर अजून जवळ.

प्रत्यक्षात कटरवाला एकच असतो, चार साईटी फिरत असतो. आमच्या भागात मागच्या उन्हाळ्यात एक गल्ली झाली, कटर आला तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत ड्रेनेजच्या चेंबरच्या कोपऱ्यातून चीर निघून तिरकी नालीपर्यंत पोचली होती, त्या पोराने तिच्यापासून दोन हातावर सरळ रेघ मारली आणि गेला. आज जाऊन बघा, कापलेली खाच खाली उघडलेलीच नाही आणि ती तिरकी चीर एवढी रुंदावली की पाच रुपयाचं नाणं उभं जातं. खाचेची खोली मी सळीचा तुकडा घालून मोजली, बोटाचं एक पेरसुद्धा नाही. एवढ्या वरवरच्या खाचेने काँक्रीट कमकुवत होत नाही, मग ते तिथे का तुटेल?

चेंबरचं तर वेगळंच सांगायला पाहिजे. रस्त्यातलं चेंबर जागचं हलत नाही, भोवतीचं काँक्रीट हलतं, म्हणून चौकोनी चेंबरच्या कोपऱ्यातून चीर ठरलेली. चेंबरभोवती आणि घरांच्या कंपाउंड वॉलच्या कडेला फिलर बोर्डची, म्हणजे दाबली जाणारी नरम पट्टी उभी लावून मग काँक्रीट टाकायचं एवढं साधं काम आहे. आपल्याकडे भिंतीला चिकटवून ओततात, मग उन्हाळ्यात रस्ता फुगला की भिंतीला रेटतो आणि घरमालक म्हणतो पाया खचला. खाचेत सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा लवचिक मसाला, भरणं हाही वेगळा खर्च, तो कोणी करत नाही. उघड्या खाचेत रेती-खडे जाऊन बसतात, रस्त्याला फुगायला जागाच उरत नाही आणि दोन्हीकडच्या कडा फुटायला लागतात.

हेच घराच्या स्लॅबचं. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली भिंतीत आडवी चीर दिसते ना, विशेषतः कोपऱ्याच्या खोलीत, तिला लोक दरवर्षी पुट्टी भरतात आणि ती दरवर्षी परत उघडते. स्लॅब उन्हात भाजून सरकतो, खालची भिंत तेवढी तापत नाही, भांडण त्या दोघांचं आहे, पुट्टी काय करणार. भारतीय मानक ब्यूरोचं १९८४ चं एसपी २५ नावाचं हँडबुक आहे, इमारतींच्या तड्यांवरच, त्यात हे सगळं आहे. गच्चीवर कोबा करून चायना मोझॅक लावा, ते जमत नसेल तर उन्हाळ्याआधी पांढरा चुना तरी मारा, स्लॅब कमी तापेल तर कमी हलेल. नवीन बांधत असाल तर भिंतीचा माथा गुळगुळीत करून, मधे डांबरी कागद टाकून मग स्लॅब टाका, म्हणजे तो भिंतीवर मोकळा सरकेल. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात तर ४५ मीटरपेक्षा लांब बिल्डिंगला एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे फुगायला मोकळी फट, द्या असं लिहिलंय, आणि आपल्या मार्केटच्या बिल्डिंगांमधे दिलेले जॉइंटसुद्धा नंतर प्लॅस्टरने बुजवून वरून टाइल लावलेल्या मी बघितल्यात.

दगडाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. काँक्रीट किती फुगणार हे मुख्यतः गिट्टीवर ठरतं, क्वार्टझाइट जास्त फुगतो, आपला काळा दगड त्याच्यापेक्षा बराच कमी, चुनखडी अजून कमी. लॅबमधे झिरकोनियम टंगस्टेट नावाची, तापवल्यावर उलट आकसणारी पावडर सिमेंटमधे घालूनही बघितलीये, पण ती फार महाग, गल्लीच्या रस्त्यात ती येणार नाही. आपल्याला एक चालू कटर, योग्य वेळ आणि संध्याकाळी काँक्रीट टाकायची सवय, एवढ्यावर खूप फरक पडेल.

माझी महापालिका आणि जिल्हा परिषद दोघांनाही विनंती आहे की एस्टिमेटमधे जॉइंट कटिंग, चेंबरभोवतीचा फिलर आणि सीलंट हे वेगळे आयटम धरा, काँक्रीटच्या रेटमधे मिसळू नका, कारण मिसळलं की ते कोणी करतच नाही. इंजिनिअरने खाच कधी मारली ती वेळ आणि तिची खोली एमबीमधे (मेजरमेंट बुक, कामाच्या मोजमापाची वही) लिहावी, फोटो लावावा आणि त्याशिवाय बिल काढू नये. यंदाच्या कामांच्या निविदा अजून निघायच्या आहेत, बदल आत्ताच करता येईल.

आपला,
एक वाचक, अकोला